मनोरीच्या फाईलमधली पोटफाईल

मी एक जुनी पोटफाईल आहे. नाव ऐकून हसू नका, मित्रांनो. घरात पोटभाडेकरू असतो, कायद्यात पोटकलम असतं, तशीच मी एका मोठ्या फाईलच्या पोटात राहणारी छोटी फाईल. माझं खरं नाव इंग्रजी आहे आणि चांगलं लांबलचक आहे. पण अंधेरीच्या बॅनर बनवणाऱ्या ज्या दुकानात माझा जन्म झाला, ते चालवणाऱ्या गंधालीने मला पोटफाईल म्हणायला सुरुवात केली आणि मला ते नाव आवडलं.

तुम्ही नाक्यानाक्यावर बॅनर पाहता. कुणाचा वाढदिवस, कुणाचं स्वागत, कुणाला श्रद्धांजली. वर मोठी अक्षरं, खाली चेहऱ्यांची रांग. तुम्हाला तो बॅनर सपाट दिसतो. संगणकात मात्र तो सपाट नसतो. तिथे एकावर एक थर असतात, त्यांना सगळे लेअर म्हणतात. तळाशी रंगाचा लेअर, त्यावर समुद्राचा, त्यावर नारळाचा, त्यावर अक्षरांचा. प्रत्येक लेअरसमोर एक छोटासा डोळा काढलेला असतो. तो डोळा मिटला की लेअर दिसेनासा होतो, उघडला की पुन्हा दिसू लागतो. आणि काही लेअर माझ्यासारखे असतात. बाहेरून एक चेहरा दिसतो, पण त्यावर दोनदा टिचकी मारली की दार उघडतं आणि आत आणखी लेअर निघतात.

माझ्या आत एक माणूस राहतो. त्यांचं नाव बळवंत तांडेल. ते मनोरीचे. मार्व्याच्या जेट्टीवरून बोटीत बसलं की पलीकडे मनोरी लागते. तिथे त्यांची मासेमारीची बोट आहे आणि तिथल्या मच्छीमार सोसायटीचे ते चेअरमन आहेत. आहेत असं मी मुद्दाम म्हणते, कारण ते आहेत की नाहीत याविषयी एकदा मोठा घोटाळा झाला, आणि तो माझ्यापासून सुरू झाला. आजही ती गोष्ट सांगताना मला धास्ती वाटते.

बळवंतांची मुलगी नमिता अंधेरीलाच एका कंपनीत नोकरी करते. बापाला पहिल्यांदा चेअरमन केलं तेव्हा ती जेवणाच्या सुट्टीत गंधालीच्या दुकानात आली. दोघी कॉलेजपासूनच्या मैत्रिणी.

"गंधाली, यार, हा एकच फोटो आहे ज्यात बाबा हसलेत," ती म्हणाली. "दादाने मोबाईलवर काढलाय. याचं काहीतरी झकास कर ना."

दादा म्हणजे तिचा मोठा भाऊ परेश. त्याने फोटो घाईत काढला होता. मागे अर्धी बोट आली होती, बाजूला वाळत घातलेलं जाळं आलं होतं, आणि कोपऱ्यात परेशच्या हाताचं बोटही आलं होतं. दुसऱ्या कुणी हे सगळं खोडून टाकलं असतं. गंधाली खोडत नाही. ती झाकते. तिने लाल टोपीच्या कडेने, कानाच्या पाळीवरून, पिकलेल्या दाढीच्या केसाकेसातून एक झाकण बेतलं, आणि बोट, जाळं, परेशचं बोट असं सगळं त्या झाकणाखाली गेलं. त्यावर तिने उजेडाचा एक लेअर ठेवला, उन्हाचा एक ठेवला, आणि सगळं मिळून माझ्यात बंद केलं. त्या दिवशी मी जन्मले.

माझं कौतुकही पुष्कळ झालं. बळवंत तांडेल इतके रुबाबदार दिसतात हे त्यांच्या बायकोलासुद्धा माहीत नव्हतं म्हणे. सगुणाबाई जेट्टीवर मासळीची टोपली घेऊन बसतात. बॅनर लागला तेव्हा दोन-तीन दिवस त्या गिऱ्हाइकाला मासळीच्या आधी नवरा दाखवत होत्या. हे नमिता सांगायची आणि दोघी मैत्रिणी पोट धरून हसायच्या.

आता माझा एक गुण सांगते. तो नीट समजून घ्या, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. मनोरीचे सगळे बॅनर गंधाली एकाच मोठ्या फाईलमध्ये ठेवते. वाढदिवसाचा, नारळी पौर्णिमेचा, क्रिकेटच्या सामन्यांचा, सगळे बॅनर एकाच पडद्यावर शेजारी शेजारी. प्रत्येक बॅनरवर बळवंतांचा चेहरा लागतो, म्हणून तिने माझी नक्कल करून जिथे तिथे लावली. पण ती नक्कल वेगळी नसते. सगळीकडे मीच असते. मला एकदा उघडून आत बळवंतांची टोपी निळी केली आणि सेव्ह केलं, तर सगळ्या बॅनरवरची टोपी त्याच क्षणी निळी होते. एका जागी केलेली मेहनत दहा जागी पोचते. यात मोठी सोय आहे. गंधाली म्हणायची की हिच्या जिवावर माझं दुकान चालतं, आणि ते ऐकून मी फुगायचे.

एखाद्याच जागी बदल हवा असेल तर आधी त्या जागेची माझी नक्कल सुटी करावी लागते. तशी सोय असते, एक यादी उघडून त्यातलं नेमकं वाक्य निवडायचं. त्याला गंधालीच्या दुकानात नाळ तोडणे म्हणतात. नाळ तोडली की ती नक्कल आपलं स्वतंत्र आयुष्य जगायला मोकळी. नाळ न तोडता हात लावला तर काय होईल, या विचाराने मला तेव्हाही कसंतरी व्हायचं. पण गंधाली असताना तशी वेळ आली नाही.

आणखी एक रीत गंधालीने घालून दिली होती. बॅनरवर हयात माणसं रंगात. जे गेले, त्यांचे फोटो काळेपांढरे. मनोरीच्या लोकांना ती रीत इतकी पटली की वर्षादोन वर्षांत सगळ्या गावाला ती वाचता येऊ लागली. अक्षरं न वाचणारी म्हातारी माणसंही बॅनरकडे बघून सांगायची की कोण आहे आणि कोण नाही.

माझ्या शेजारी आणखी एक पोटफाईल होती. तिच्या आत परेश होता, पिवळा टी-शर्ट घालून, दात दाखवत हसणारा. तरुण मंडळाच्या रांगेत तो पहिला. बापलेक गावात एकमेकांशी फार बोलत नसत असं नमिता म्हणायची. बॅनरवर मात्र बरीच वर्षं आम्ही शेजारी शेजारी नांदलो.

मग तो श्रावण आला. मासेमारीची बंदी उठली होती आणि बळवंत खलाशांना घेऊन समुद्रावर गेले होते. पौर्णिमेच्या आत परत येतो असं सांगून गेले होते. नमिता दुकानात नारळी पौर्णिमेचा बॅनर बघायला आली तेव्हा तिचं लक्ष बॅनरवर नव्हतं.

"हवा बिघडलीय," ती म्हणाली. "फोन लागत नाहीये. बाकीच्या बोटी परत येतायत."

"येतील गं. काका काय आज पहिल्यांदा जातायत समुद्रावर?" गंधाली म्हणाली.

"ते खरं. पण आई रोज जेट्टीवर जाऊन उभी राहते. दादा तर कुणाशी बोलतच नाहीये." नमिताने पडद्याकडे बघून मान हलवली. "बॅनर छान झालाय. फायनल समज."

बॅनर मंजूर झाला. त्यावर बळवंत लाल टोपीत, भर उन्हात, हसत होते. मला आठवतं, मला तेव्हा उगाचच वाटलं होतं की हा बॅनर लगेच छापून टाकावा.

पण तो छापायचा राहिला, कारण दुसऱ्या दिवशी गंधालीला बहिणीच्या साखरपुड्याला मुलुंडला जायचं होतं. दुकानात अनय होता. अनयला येऊन थोडेच दिवस झाले होते. हात सुरेख, कामाला चपळ, आणि तोंडाने गोड. पूर्वी तो जिथे काम करायचा तिथे प्रत्येक बॅनरची फाईल निराळी असायची. तिथे कशाची नाळ कशाला जोडलेलीच नसायची. गंधालीने त्याला आमची रीत सांगितली होती आणि त्याने मानही डोलावली होती. पण मान डोलावणं आणि डोक्यात शिरणं यात अंतर असतं, हे तुम्हाला शाळेत जाऊन जाऊन चांगलं माहीत असेल.

त्याच दुपारी मनोरीहून फोन आला. सोसायटीचे जुने सभासद गुणाजी म्हातारपणाने वारले होते. श्रद्धांजलीचा बॅनर ताबडतोब हवा होता. वर गुणाजींचा फोटो, खाली शोकाकुल म्हणून चेअरमन बळवंत तांडेल. फोन सेक्रेटरी दत्ताराम यांचा होता. पौर्णिमेचा बॅनरही सोबतच पाठवा, म्हणाले, एकाच फेरीत येईल.

अनयने मनोरीची फाईल उघडली. गुणाजींचा फोटो लावला, हार घातला. मग त्याने माझी नक्कल करून खाली बसवली. शोकाच्या बॅनरवर बळवंत लाल टोपीत खदखदून हसत होते. ते बरं दिसत नव्हतं हे कुणीही सांगेल. सगळा बॅनर शांत दिसावा म्हणून बळवंतांचाही रंग काढावा, असं त्याच्या मनात आलं. त्याचं मन चांगलंच होतं, मित्रांनो. मी त्याला दुष्ट म्हणणार नाही.

त्याने माझ्यावर दोनदा टिचकी मारली.

दार उघडलं. मी वाट बघत होते की तो थांबेल, मागे जाईल, नाळ तोडेल. त्याने माझ्यात एक नवा लेअर टाकला, काळापांढरा. तो माझ्यावरून पसरला. आधी टोपीचा लाल गेला. मग गालावरचं ऊन गेलं. मग डोळे राखेच्या रंगाचे झाले. मला ओरडता येत नाही. येत असतं तर मी ओरडले असते.

त्याच वेळी गंधालीचा फोन आला. मागे सनई वाजत होती. "झालं का रे?"

"झालं ताई. दोन्ही प्रिंटला टाकतो. तू टेन्शन नको घेऊ."

"पौर्णिमेचा नमिताने बघितलाय. त्यात काही करू नको."

"हातसुद्धा नाही लावला," अनय म्हणाला. ते त्याच्या मते खरंच होतं. त्याने सेव्ह केलं आणि दोन्ही बॅनर छपाईला बाहेर काढायची कळ दाबली. पडद्यावर त्याला गुणाजींचा बॅनर मोठा करून दिसत होता. पौर्णिमेचा बॅनर त्याच्या डावीकडे, पडद्याच्या बाहेर होता. तिथे रंगीत माणसांच्या रांगेत एक माणूस काळापांढरा झाला होता, आणि ते फक्त मला माहीत होतं.

छापणाऱ्याने अक्षरं तपासली. अक्षरं बरोबर होती. गुंडाळ्या झाल्या, रिक्षात बसल्या, मार्व्याहून बोटीने पलीकडे गेल्या. बॅनर बांधायला मालाडचे मांडववाले आले होते. त्यांना मनोरीत कोण हयात आणि कोण नाही याच्याशी काही देणंघेणं नव्हतं. पावसाची सर येण्याआधी त्यांनी जेट्टीवर बांबू रोवले, बॅनर ताणून बांधला आणि पुढच्या बोटीने परत गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी गंधाली दुकानात आली. चहाचा पहिला घोटही घेतला नव्हता, तोच नमिताचा फोन आला. गंधालीच्या हातात कप होता म्हणून तिने फोन संगणकाजवळ ठेवून आवाज मोठा केला. त्यामुळे पुढचं सगळं मी ऐकलं.

"गंधाली, खरं सांग," नमिताचा आवाज ओळखू येत नव्हता. "तुला कुणी सांगितलं?"

"काय सांगितलं?"

"बाबांचं. बॅनरवर बाबा काळेपांढरे आहेत. कुणी कळवलं तुला? दत्ताराम काकांनी? पोलिसांनी? आम्हाला कुणीच काही बोललं नाही गं!"

गंधालीने कप ठेवला तो कळफलकाच्या कडेला, आणि तो कलंडला. तिने तिकडे बघितलंही नाही. तिने मनोरीची फाईल उघडली.

मागे वारा होता. बायकांचा गलका होता. त्यातून सगुणाबाईंचा आवाज येत होता. त्या रडत नव्हत्या. एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होत्या.

"तुमाला सगल्यांना ठावं होता. मनाच कुनी सांगितला नाय."

आणि दत्ताराम गयावया करत होते, "सगुणावैनी, देवाशप्पथ, आम्हाला काही कळलेलं नाही."

पडद्यावर पौर्णिमेचा बॅनर आला. गंधालीने तो पाहिला. अनय तिच्यामागे येऊन उभा राहिला. त्याचा चेहरा माझ्यासारखाच झाला होता.

"नमिता, ऐक," गंधाली ओरडली. "कुणी काही कळवलेलं नाही. चूक आहे! आमच्या दुकानाची चूक आहे. फोटो चुकून तसा झालाय. काकांचं आम्हाला काहीही माहीत नाही. ऐकतेस ना?"



"चूक?" नमिता म्हणाली. "अगं, दादा निघालाय. बॅनर बघितला आणि छोटी होडी काढली त्याने. म्हणाला, सगळ्यांना माहीत आहे आणि मला सांगत नाहीत, तर मीच बघून येतो. खाडीच्या तोंडाशी पोचलाय."

"थांबव त्याला! हाक मार!"

मग धावण्याचा आवाज आला. फोन हातातच राहिला असावा. नमिता हाका मारत होती, दादा, अरे दादा, चूक आहे, खोटं आहे ते. दत्तारामही ओरडत होते. त्या सगळ्या आवाजांच्या पलीकडे एक इंजिन वाजत होतं. ते बारीक होत गेलं. मग ते ऐकू येईनासं झालं, आणि नमिता तेवढी हाका मारत राहिली.

गंधालीने मला उघडलं. त्या काळ्यापांढऱ्या लेअरचा डोळा मिटला आणि सेव्ह केलं. त्या एका टिचकीने सगळ्या बॅनरवर बळवंत पुन्हा लाल टोपी घालून हसू लागले. इतकं सोपं होतं ते. मनोरीच्या जेट्टीवर बांबूला ताणून बांधलेला कापडी बॅनर मात्र तसाच होता.

बळवंत तांडेल त्याच संध्याकाळी परत आले. वादळात त्यांनी उत्तरेकडच्या एका बंदरात बोट आत घेतली होती, वायरलेस भिजून बंद पडला होता, एवढंच. खलाशांसकट सगळे सुखरूप होते. जेट्टीला लागताना त्यांनी वर बघितलं आणि स्वतःचा फोटो पाहिला. लोक त्यांच्याकडे धावले ते आनंदाने नाही. पहिला प्रश्न त्यांनाच विचारला गेला, वाटेत परेश दिसला का?

तो त्यांना दिसला नव्हता. मग त्याच बोटीत पुन्हा डिझेल भरून बळवंत उलट्या पावली समुद्रावर गेले. गावातल्या इतर बोटीही गेल्या. पुढे छोटी होडी मिळाली. ती उपडी होती. परेश मिळाला नाही.

त्या वर्षी मनोरीने समुद्राला नारळ वाहिला, पण गाणी म्हटली नाहीत. अनय कितीतरी दिवस दुकानात येत होता आणि नुसता बसून राहत होता. गंधाली त्याला रागावली नाही. एकदाच म्हणाली, "तुला सांगितलं होतं मी. पण सांगून झालं म्हणून मी निघून गेले, हेही खरंच आहे." नमिताला तोंड कसं दाखवायचं हे तिला कळत नव्हतं. शेवटी ती स्वतः मनोरीला गेली, सगुणाबाईंसमोर बसली आणि काय झालं ते सगळं सांगितलं. लेअर, नाळ, सेव्ह. सगुणाबाईंनी ऐकून घेतलं. त्यातलं त्यांना किती कळलं कोण जाणे. परत निघताना त्यांनी गंधालीला सुकी मासळी बांधून दिली, आणि गंधाली ती पिशवी दुकानात ठेवून खूप वेळ रडली.

थंडीच्या दिवसांत ते तिघे दुकानात आले. बळवंत, सगुणाबाई आणि नमिता. मंडळाने ठरवलं होतं की परेशचा श्रद्धांजलीचा बॅनर आता लावायला हवा. मजकूर दत्तारामांनी लिहून पाठवला होता. गंधालीने तिघांना बसायला खुर्च्या दिल्या आणि शेजारची पोटफाईल घेतली. तिने नक्कल केली, नाळ तोडली, तोडली आहे की नाही ते पुन्हा तपासलं, आणि मग दार उघडलं. पिवळ्या टी-शर्टातला परेश पडद्यावर आला.

तिने त्याच्यावर काळापांढरा लेअर टाकला. पिवळा रंग गेला.

सगुणाबाई खुर्चीतून उठल्या. "थांब गो. त्याचा रंग कुठं गेला?"

"काकू," गंधाली म्हणाली, "गेलेल्या माणसाचा फोटो आपण..."

"कोन गेला? मना कुनी दाखवला? दर्यान दिला का परत?" त्या पडद्याच्या अगदी जवळ आल्या. "माज्या पोराचा रंग काढू नको. घाल परत."

गंधालीने त्या लेअरचा डोळा मिटला. परेश पिवळा झाला. सगुणाबाईंनी पदराने तोंड पुसलं आणि त्या पुन्हा बसल्या. नमिताने मजकुराचा कागद घडी करून पर्समध्ये ठेवला.

तेव्हा बळवंत पहिल्यांदा बोलले. "माझा फोटो उघड."

माझं दार उघडलं. इतक्या वर्षांत मी त्यांना इतक्या जवळून प्रथमच पाहिलं. फोटोतली दाढी नुसती पिकलेली होती, समोरचा माणूस सगळाच म्हातारा झाला होता. त्यांनी माझ्या लेअरांच्या यादीवर बोट ठेवलं. गंधाली खोडत नाही हे मी तुम्हाला सांगितलंच आहे. अनयने टाकलेला लेअर तिथेच होता, डोळा मिटून पडलेला.

"हाच ना तो?"

"हो काका."

"लाव."

"काका, असं काय म्हणता? तुम्ही आहात ना."

"आहे म्हणून तर सांगतोय. माझ्या पोरानं मला तसा बघितला आणि तो निघाला. मी काय त्याच्या शेजारी लाल टोपी घालून हसत राहू? त्याचा रंग ऱ्हाऊ दे. माझा काढ."

"बाबा, नका ना असं करू!" नमिता म्हणाली. तिने आईकडे बघितलं. आई काहीतरी बोलेल, बाबांना गप्प करेल असं तिला वाटलं असणार. मलाही वाटलं होतं. सगुणाबाई परेशकडे बघत बसल्या. त्यांनी नवऱ्याला अडवलं नाही.

गंधालीने डोळा उघडला. टोपीचा लाल गेला, गालावरचं ऊन गेलं, डोळे राखेच्या रंगाचे झाले. या वेळी नाळ तोडायची नव्हती. बळवंतांना सगळीकडे तसंच हवं होतं. तिने सेव्ह केलं.

पुढच्या नारळी पौर्णिमेला जो बॅनर लागला, त्याचा फोटो नमिताने पाठवला. वर चेअरमन बळवंत तांडेल, काळेपांढरे. खाली तरुण मंडळाच्या रांगेत परेश, पिवळ्या टी-शर्टात, दात दाखवून हसणारा. गावाला सगळं माहीत आहे, पण बोटीने येणाऱ्या पाहुण्यांना माहीत नाही. कुणीकुणी बॅनरसमोर थांबून हात जोडतात, चांगला माणूस गेला म्हणतात. नमिता सांगते की त्या वेळी बळवंत तिथेच खाली जाळं दुरुस्त करत बसलेले असतात आणि मान वर करत नाहीत. सगुणाबाई मासळी विकतात. गिऱ्हाइकाने विचारलं तर रांगेतला पहिला मुलगा बोटाने दाखवतात आणि म्हणतात, भायेर गेलाय, येल.

मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल आणि तुमच्याही हाती माझ्यासारख्या वस्तू येतील. चपळाई चांगली, सोय चांगली, पण कशाचंही दार उघडण्याआधी ती गोष्ट कुठे कुठे जोडलेली आहे ते बघा. पडद्यावर दिसतं तेवढंच नसतं. कळलं नाही तर विचारा, आणि ज्याला विचारलं त्याने समोर बसून समजावून सांगावं. एकदा मंजूर झालेलं काम पाठवण्याआधी पुन्हा डोळ्यांखालून घाला. एवढं अनयने केलं असतं, एवढं गंधालीने केलं असतं, तर त्या सकाळी ती होडी किनाऱ्यालाच राहिली असती.

आणि माझी एक विनंती आहे. मला हवं तर उघडा, माझ्यात आता बिघडण्यासारखं फारसं उरलेलं नाही. शेजारच्या पोटफाईलला मात्र कुणी हात लावू नका. तिच्यातला परेश अजून रंगात आहे, आणि त्याच्या आईने त्याला तसाच ठेवायला सांगितला आहे.